हंड्यावरचं नाव

तुमच्या घरातल्या भांड्यांवर नावं नसतात, म्हणून आधी ते सांगते. आपल्याकडे लग्नात मुलीला भांडी देताना त्यांवर तिचं नाव घालून देत. पूर्वी छिन्नीने ठिपके ठोकून, आता दुकानात विजेच्या पेनने. सासरी आल्यावर मुलीचं नाव बदलायचे. माझंही बदललं. भांड्यांवर मात्र माहेरचं नाव तसंच राहायचं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक चित्रकार मुलगी राहते. ती कोलाज करते. आमच्या मांजर्लीत पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी तिच्या सासरच्या फोटोंच्या अल्बमचा लगदा झाला. भांडी धुऊन पुन्हा फळीवर गेली. ती पुसता पुसता तिला कल्पना सुचली. इमारतीतल्या एकेका बाईच्या भांड्यांवर पातळ कागद ठेवून तिने पेन्सिल घासली, उमटलेली नावं कापली आणि ते तुकडे चिकटवून त्या त्या बाईचा चेहरा केला. माझा चेहरा मला फारसा पटलेला नाही. हनुवटी जरा मोठी झाली आहे.

पालेगावातल्या एका नव्या इमारतीतला रिकामा गाळा तिला काही दिवसांसाठी मिळाला. तिचं एकटीचं हे पहिलंच प्रदर्शन. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिच्या सासूबाई आणि मी रिक्षाने बघायला गेलो. समोरच्या भिंतीवरचं सगळ्यांत मोठं चित्र सासूबाईंचं होतं. कपाळावर त्यांच्या घरच्या तांब्याच्या हंड्यावरचं नाव उमटलं होतं.

सासूबाईंनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग म्हणाल्या, "हे नाव माझं नाय."

"आई, हंड्यावरचंच आहे. तुमचं माहेरचं," सून म्हणाली.

"हंडा तिचा हाय. पहिलीचा."

त्यांचे यजमान बिजवर होते, हे इतकी वर्षं शेजारी राहूनही मला माहीत नव्हतं. पहिली बायको तरुणपणीच वारली आणि तिची भांडी घरात राहिली. "माझ्या बापाने काय दिलं नाय," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी दिली तीच." त्यांच्या माहेरच्या नावाचं भांडं घरात एकही नव्हतं. सुनेने नाव कधी विचारलं नव्हतं. हंड्यावर लिहिलेलं आहे, मग विचारायचं काय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बदलापूर गावातली भावकी येणार होती. पहिलीचं ते नाव त्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं. सून खाली लादीवरच बसली. "मी चित्र उतरवते," ती म्हणाली. "भिंत रिकामी राहू दे."

"भिंत रिकामी ठेवायला वर्षभर पाठ मोडलीस का?" सासूबाई म्हणाल्या. "घरी चल आधी."

घरी त्यांनी हंड्यातलं पाणी ओतून टाकलं, हंडा पदराने पुसला आणि मला बरोबर घेऊन स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेल्या.

"कोणाकडून घालू?" दुकानदाराने विचारलं.

"कोणाकडून नाय. नुसतं नाव घाला. ह्या नावाच्या खाली."

त्यांनी नाव सांगितलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुकानदाराला नीट ऐकू गेलं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

सुनेने त्याच संध्याकाळी ते कागदावर उतरवलं आणि चित्रात भुवयांच्या मध्ये चिकटवलं. तेवढीच जागा उरली होती.

उद्घाटनाला सासूबाईंच्या मोठ्या नणंदबाई आल्या. काठी टेकत थेट मोठ्या चित्रापाशी गेल्या. "मेलेलीला बरी भिंतीवर चढवलीस गं."

"हंडा तिचाच होता, वन्सं. पाणी मी भरलं."

नणंदबाईंनी चष्मा सावरून खालचं नाव वाचलं. "आणि ही कोण?"

"ही मी."

"लग्नात ऐकलं असंल हे नाव," नणंदबाई म्हणाल्या आणि चहाच्या टेबलाकडे वळल्या.

सासूबाई चहाला गेल्या नाहीत. गाळा बंद होईपर्यंत त्या चित्रापाशीच उभ्या होत्या आणि येईल त्याला आधी वरचं, मग खालचं नाव वाचून दाखवत होत्या.