मिलचं अ‍ॅसिड आणि हळदीच्या मिरच्या

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन दोनच महिने झाले होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे जे कळेल ते सगळ्यांना सांगायची घाई असायची. एकदा जेवताना मी म्हणाले की दुकानातलं व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, शंभर भागांत जेमतेम चार-पाच भाग. पप्पांचा घास हातातच राहिला. ते पांडेसऱ्यात डाईंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर आहेत. हेच अ‍ॅसिड ते रोज मगाने रंगात ओततात, आणि शर्ट कितीही धुतला तरी त्याचा आंबट वास जात नाही. आपण इतकी वर्षं व्हिनेगरच्या डोहात उभे आहोत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंच्या मुलीची हळद होती. वरण-बट्टीबरोबरच्या आंबट मिरच्या आईने करायच्या, असं ठरलं. आमच्या गल्लीत हा मोठा मान. तोवर आईला फक्त कांदे चिरायला बोलावत.

हळदीच्या दोन दिवस आधी कॉलेजातून आले, तर ओट्यावर मिरच्यांची बरणी भरलेली. पप्पांनी मिलमधून पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड आणून ते व्हिनेगर म्हणून मिरच्यांवर ओतलं होतं. पाणी किती घातलं विचारलं, तर म्हणाले, जिभेला चटका बसेनासा होईपर्यंत घालत गेलो.

मला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. पुस्तकात दोन्हीचं सूत्र एकच होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांना भीतभीत विचारलं, तेही एका मैत्रिणीच्या घरची गोष्ट म्हणून. सर म्हणाले, मैत्रिणीला आधी ती बाटली उचलून ठेवायला सांग, कुणी पाणी समजून प्यायलं तर घसा जळेल. मग म्हणाले, अ‍ॅसिड तेच, पण खाण्यासाठीचं वेगळं शुद्ध करतात आणि पिंपावर तसं लिहितात. मिलच्या पिंपात त्याच्याबरोबर आणखी काय आहे, ते कुणी खाण्याच्या हिशोबाने तपासत नाही.

"कापडाला पोट नसतं," सर म्हणाले. "मैत्रिणीने मिरच्या खाल्ल्या नाहीत ना?"

"नाही सर, हळद उद्या आहे," मी म्हणाले, आणि मैत्रीण कोण ते सगळ्या वर्गाला कळलं.

घरी येऊन सांगितलं. पप्पा चिडले. "दोन्ही एकच शे ना? तूच सांगं व्हतं."

त्यांचं खरं होतं. अर्धं मी सांगितलं होतं, उरलेलं मलाच माहीत नव्हतं. मी हळूच विचारलं, अ‍ॅसिड कोणत्या मगाने काढलं? पप्पा म्हणाले, निळा रंग ओतायचा मग होता, पण विसळला होता. त्यावर आईनेच बरणी उचलली. मिरच्या फेकताना ती एवढंच म्हणाली, "आता उद्या मी काय तोंड दाखवू?"

मी बाजारातून ताज्या मिरच्या आणि दोन किलो लिंबं आणली. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिरच्या चिरून मीठ, मोहरीची डाळ लावली आणि हात चुरचुरेपर्यंत लिंबं पिळली. पण मिरच्या फेकताना समोरच्या मावशींनी पाहिलं होतं आणि कारणही विचारून घेतलं होतं, म्हणजे गल्लीभर झालंच.

हळदीला सगळ्या पंगतीला वरण वाढलं, बट्टी वाढली, वांग्याची भाजी वाढली. आईची मिरच्यांची थाळी आली की बायका पानावर हात आडवा धरायच्या. एकीने विचारलं, ह्या खायच्या की साडी रंगवायच्या? आईचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन काहीतरी समजवायला लागले, शुद्धता वगैरे. मावशींनी मला मध्येच थांबवलं.

"भाषण ऱ्हाऊ दे. खाय वं पहिले तू."

मी एक मिरची खाल्ली. कुणी हललं नाही. दुसरी खाल्ली. तिसरीला डोळ्यांतून पाणी आलं, नाक गळायला लागलं, आणि सगळी पंगत माझ्याकडे निकालाची वाट पाहिल्यासारखी बघत बसली.

"जिवंत आहे," एक म्हातारी म्हणाली आणि तिने पान पुढे केलं.

मग दुसरीने केलं. थाळी संपली तशी आई लगबगीने आत गेली आणि दुसरी भरून घेऊन आली.