नवरदेव हैदराबादहून येतो

आमच्या साडभाऊंइतका वेगाचा भक्त आणि त्यांच्याइतका संथ माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. कपभर चहा ते पाऊण तास पितात. चप्पल घालायला बसले की आपण तेवढ्यात भाजी आणून यावी. आणि हाच माणूस तुम्हाला जगातल्या कुठल्या देशात कोणती रेल्वे ताशी किती धावते ते झोपेतही सांगेल. अंतर ते मैलात किंवा किलोमीटरमध्ये कधीच मोजत नाहीत. "चंद्रपूर कुठी दूर आहे? फास्ट गाडी आली तं पंधरा मिंटं," असं ते सिंदेवाहीच्या बसस्टँडवर, तासाभरापासून न आलेल्या एसटीची वाट पाहत, शेजारच्या म्हातारीला समजावतात. त्यांच्या ओसरीवर भिंतभर नकाशा आहे आणि त्यावर लाल दोऱ्याने त्यांनी स्वतःच आखलेले रेल्वेमार्ग. एक दोरा थेट लोहखाणीच्या एटापल्लीपर्यंत गेला आहे. "सूरजागडचं लोखंड जाते बाहेर, तिथी त्याचे रूळ होते. तो रूळ इकडं परत काऊन येत नाई, सांगा मले!" हा सवाल त्यांनी मला इतक्यांदा केला आहे की त्या लोखंडाचा मीच गुन्हेगार आहे असं मला वाटू लागलं आहे.

या वेडामागे त्यांचं एक शास्त्र आहे. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान, निवृत्त कृषी सहायक. त्यांचं म्हणणं असं, की शोध एका डोक्यात लागत नाही, दोन डोकी एका बांधावर उभी राहिली की लागतो, आणि आपल्या भागातली डोकी रस्त्यातच म्हातारी होतात. त्यांच्या स्वतःच्या बांधावर एक सुवासिक धान आहे. त्यांच्या आईने जन्मभर जपलेलं. भात शिजला की तिसऱ्या घरी वास जातो, पण वाण उंच, जरा वारा आला की लोळण घेतं. आता ते फक्त यांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उरलं आहे. हैदराबादकडच्या एका संशोधक मुलीकडे बुटकं, ताठ उभं राहणारं धान आहे. या दोघांचा संकर करायचा हा साडभाऊंचा ध्यास. आईचं धान त्यांच्या भाषेत नवरी आणि ते बुटकं धान नवरदेव, हे मात्र मला पुढे कळलं. अडचण एवढीच की धानाचं फूल सकाळी जेमतेम तासभर उघडतं. लोंबी देठासकट पाण्यात ठेवून आणली तर दुसऱ्या सकाळी तिच्यात नवी फुलं उमलतात, पण त्याआधी ती इथे पोचायला हवी. म्हणून वेग. त्यात साडभाऊंचे हात गेल्या वर्षापासून थरथरतात. यंदा नाही जमलं तर पुढे फुलातले केसर काढायचा चिमटा धरता येईल की नाही, हे त्यांनी एकदाच बोलून दाखवलं आणि लगेच रेल्वेच्या विषयावर गेले.

नागपूर-हैदराबादच्या वाटेवर नवी वेगवान गाडी सुरू झाली आणि ती चंद्रपूरला थांबायला लागली, तेव्हा त्यांनी आमच्या चंद्रपूरच्या घरी फोन केला. फोन बायकोने घेतला. "नवरदेव उद्या संध्याकाळच्या गाडीनं येऊन राह्यला. स्टेशनावर उतरून घ्या. आणि मान जपजा!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांची धाकटी मुलगी लग्नाची. बायकोने डोळ्याला पदरच लावला. "भाऊजींनी आपल्यावर मान सोपवला," म्हणाली. हैदराबादचा म्हणजे सॉफ्टवेअरवालाच असणार, हेही तिने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी शाल, नारळ, हार आणि पेढे घेऊन आम्ही फलाटावर हजर. गाडी आली. सॉफ्टवेअरवाला काही उतरला नाही. उतरली ती जीन्सवाली एक मुलगी, आणि तिच्या छातीशी पाण्याने भरलेल्या बाटलीत धानाच्या दहा-बारा लोंब्या. "गर्दन मत छूना!" ती ओरडली. तेव्हा कळलं की जपायचा होता तो मान नव्हता, लोंबीची मान होती. बायकोने शाल उघडली आणि गारठा लागू नये म्हणून बाटलीभोवती गुंडाळली. पेढे आम्ही तिघांनी सिंदेवाहीकडे जाताना भाड्याच्या गाडीत खाल्ले.

सिंदेवाहीजवळच्या त्यांच्या खेड्यात साडभाऊंनी आठ दिवसांची तयारी केली होती. खोलीला चुना, नवी मच्छरदाणी. पूर्वी पॅसेंजरने येणारे शेतीखात्याचे साहेब आठ-आठ दिवस मुक्काम ठोकायचे, तसंच ही राहणार असं त्यांनी धरलं होतं. सकाळी उजाडताच आम्ही बांधावर गेलो. कोवळ्या फुलातले केसर काढून टाकायचे होते, म्हणजे नवरी तयार होते. साडभाऊंनी चिमटा धरला. पहिलं फूल तुटलं. दुसरंही तुटलं. तिसऱ्याला त्यांनी हातच लावला नाही. "घे बाई," ते म्हणाले. "तुह्या हातानं कर." ती चिखलात गुडघे टेकून बसली आणि दोन तास तिने मान वर केली नाही. अकराच्या सुमारास नवरदेवाची फुलं उघडली, तिने ती नवरीवर हलकेच झटकली, वर कागदी पिशव्या बांधल्या आणि हात धुऊन म्हणाली, "अंकल, मेरी दोपहर की गाड़ी है. कल ऑफिस में मीटिंग है."

साडभाऊ "हो, हो" म्हणाले. मुलगी गेली. महिन्याभराने दाणे भरले, एकवीस. तिने व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या, ते खूश झाले, मलाही मनापासून आनंद झाला. पण त्या दुपारचं मला विसरता येत नाही. ती गेल्यावर ते बांधावरच बसून राहिले. "मास्तर, गाडी जल्दी आणते तं जल्दी नेते बी," म्हणाले. "तिले सांगायचंच राह्यलं."

"काय?"

"माही माय बियाणं कसं निवडे ते. पुस्तकात नाई ते कुठी."

मग ते मला सांगू लागले. आई कोणत्या वेळी बांधीत शिरायची, कोणत्या लोंबीला हात लावायची, कोणती नुसती हुंगून सोडून द्यायची. मला धानातलं ओ की ठो कळत नाही. मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला. तरी खिशातला कागद काढून मी लिहून घ्यायला लागलो, आणि ते मी लिहून होईपर्यंत थांबत, मग पुढचं सांगत. माझी परतीची चारची एसटी गेली, सहाची गेली. ते सांगत होते आणि मी लिहीत होतो.