चालणाऱ्यांचा रकाना

मोजणीमास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. रस्ते खात्यात सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रस्त्याकडेला घडीच्या खुर्चीत बसायचं आणि येणारीजाणारी वाहनं मोजायची. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी, की झाला गठ्ठा. बाकीचे मोजणीदार दुपारी सावलीत ताणून द्यायचे आणि संध्याकाळी अंदाजपंचे रेघा ठोकायचे. मास्तर पाणी पितानासुद्धा रस्त्यावरची नजर काढायचे नाहीत. मास्तरांची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची, असं खात्यात म्हणायचे. थोडं कौतुकानं, बरंचसं टिंगलीनं.

पत्रकात सात रकाने होते. ट्रक, बस, मोटार, दुचाकी, सायकल, हातगाडी आणि शेवटी जनावरे. हा शेवटचा रकाना कुणा जुन्या साहेबानं घातलेला, तो काढायचं पुढे कुणाला सुचलं नाही. आपल्या पायांनी चालणाऱ्या माणसासाठी मात्र रकाना नव्हता.

मास्तरांची बायको इस्पितळात आया होती. घर रस्त्याच्या अलीकडे, इस्पितळ पलीकडे. वर्षातून दोनदा मोजणी तिथेच लागायची. तेव्हा कामावर जाताना ती खुर्चीपाशी थांबायची, जेवणाचा डबा त्यांच्या पायाशी ठेवायची आणि विचारायची, "अहो, मला मोजलंत का?"

"तुझा रकानाच नाही."

"मग जनावरांत घाला. नाहीतरी तशीच तर राबते मी."

"खोटी रेघ मी ओढत नाही," मास्तर म्हणायचे. ती हसत रस्ता ओलांडायची. कितीतरी वर्षं हा एकच विनोद दोघांना पुरला.

मास्तर काही अगदीच गप्प बसले नव्हते. आठवा रकाना घालावा म्हणून त्यांनी सहा अर्ज केले. एकदा साहेबांनी बोलावून समजूत घातली, की वाहतूक म्हणजे वाहनांची, माणसं काय, कुठूनही जातात. हे साहेब स्वतः जिन्यापासून गाडीपर्यंत काय ते चालायचे. अर्ज फायलीत गेला आणि फाईल कपाटात.

मग रस्ता सहापदरी झाला. मधोमध कमरेइतका उंच दुभाजक आला. ओलांडायची जागा थेट दीड किलोमीटरवरच्या सिग्नलला. रात्रपाळी करून आलेल्या नर्सेस, रुग्णांचे नातेवाईक, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सगळे दुभाजकावर चढू लागले. पन्नाशी उलटलेली मास्तरांची बायकोही आधी पिशवी पलीकडे टाकायची, मग एक पाय, मग दुसरा.

एका सकाळी दुसरा पाय यायच्या आत टेम्पो आला.

इस्पितळ समोर दिसत होतं. पण रुग्णवाहिकेला ते दीड किलोमीटर जाऊन, वळून, परत यावं लागलं. ज्या वॉर्डात ती दुसऱ्यांची अंथरुणं बदलायची, त्याच वॉर्डात तिचा पाय गुडघ्याच्या वर कापला.

चौकशी झाली. अहवालाची प्रत मास्तरांनी खिडकीशी उभं राहून वाचली. चूक पादचारी महिलेची. सदर ठिकाणी पादचारी वाहतूक निरंक असल्याने ओलांडण्याची सोय केलेली नव्हती. पुरावा म्हणून गणनापत्रक सोबत जोडलं होतं. सुबक रेघा, एकही खाडाखोड नाही, खाली मास्तरांची लफ्फेदार सही. सव्वीस वर्षांच्या इमानदारीचं हे फळ. त्यांना तो कागद फाडून खावासा वाटला.

पुढची मोजणी आली. मास्तर त्याच खुर्चीत बसले. सहा वाजता पहिली नर्स दुभाजकावर चढली आणि मास्तरांनी जनावरांच्या रकान्यात एक रेघ ओढली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत चौदाशे बारा जनावरं झाली. मोजणीचे सातही दिवस तेच.

खातं खडबडून जागं झालं. एवढी जनावरं सहापदरी रस्त्यावर? कुणीतरी आकड्यावर शंका काढली, तेव्हा साहेबच म्हणाले की मास्तरांची रेघ आहे, खोटी कशी असेल. माणसांसाठीच्या सहा अर्जांना जे साधलं नाही ते पंधरा दिवसांत झालं. शिंगवाल्या जनावराचं चित्र असलेली पाटी लागली, दोन्ही बाजूंना गतिरोधक आले, आणि जनावरांना वळसा पडू नये म्हणून दुभाजक दहा फूट फोडला. बैल गेला नि झोपा केला, तोही बैलासाठीच. गाड्या खरोखर हळू होऊ लागल्या. माणूस आडवा आला तर हॉर्न वाजवून भागतं, जनावर आडवं आलं तर पत्रा फाटतो, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असतं.

दुभाजक फोडला त्या संध्याकाळी मास्तर घरी आले. बायको खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, कुबडी उशाशी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. रेघा, पाटी, फोडलेला दुभाजक. आज नर्सेस सरळ चालत कशा पलीकडे गेल्या, तेही सांगितलं. तिनं हातातली घडी पूर्ण केली.

"मी म्हणत होते तेव्हाच घातलं असतंत जनावरांत," ती म्हणाली, "तर पाय राहिला असता माझा."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.