पाडा, मग बोलू

दोन हजार एकोणीस साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक झालं की मी घणाकडं बघायचो. बारामतीत एक इंटेरियरवाली बाई होती, तिच्याकडं मी हेडमिस्त्री. काम पुरं झालं की ती यायची, कपाटाला कान लावायची, पेरानं ठोकून बघायची. आवाज पसंत पडला नाही तर मान न वळवताच हात मागं करायची.

"आबा, घण."

"बाई, आधी मालकाशी बोलून तर बघा."

"पाडा, मग बोलू."

मी घण दिला नाही तर स्वतः गाडीच्या डिकीतून आणायची. सांगवीला एका घरात आठ दिवस खपून उभं केलेलं टीव्हीचं कपाट तिनं मालकाच्या डोळ्यांदेखत फोडलं. फळीचा तुकडा उडून माझ्या कपाळाला लागला. मालकाची आई ओरडली, "अगं ही बाई हाय का म्हैस शिरलीय घरात?" बाई घाम पुसत म्हणाली, "म्हैसच हाय, आजी. च्या टाका." आणि म्हातारीनं टाकला की हो! तुमच्याही पाहण्यात असली माणसं असतील. शिव्या घालायच्या आणि पाटही मांडायचा.

ती इंदापूरकडच्या कळस गावची. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. ही पुण्यात शिकली आणि बारामतीत बी-बियाणांच्या दुकानावर माडीला फर्म काढली. खालून खताचा वास यायचा आणि वर गारेगार खोलीत पोरी कॉम्प्युटरवर लोकांची घरं रंगवायच्या. चित्र चुकलं की बाई फूटपट्टी टेबलावर आपटायची. फूटपट्ट्या मोडल्या. एकदा दाराची काच गेली. पोरी रडायच्या, नोकरी सोडतो म्हणायच्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर.

माझं नि तिचं तर हातघाईवर यायचं. मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हे. चौथीत मास्तरला पाटी फेकून मारली, तिथंच माझी शाळा संपली. एकदा पोरींसमोर ती मला "म्हाताऱ्याला दिसत न्हाय" म्हणाली. मी रंधा तिच्या पायापाशी फेकला आणि घरी निघून आलो. संध्याकाळी बाई दारात. माफी नाही, काही नाही. माझ्या बायकोच्या हातची भाकरी-पिठलं खाल्लं, ताट स्वतः घासलं, आणि निघताना म्हणाली, "रंधा उचलून ठेवलाय. सकाळी या." गेलो.

आता परदेशाची गोष्ट. प्लायच्या कंपन्यांची एक रीत असते. ज्या इंटेरियरवाल्यानं त्यांच्या फळ्या भरपूर वापरल्या, त्याला विमानानं फिरवून आणायचं. त्या साली आमच्या बाईनं एका नव्या कंपनीचा प्लाय सगळीकडं लावला. ठोकून बघितला होता, मीही बघितला होता, आवाज खणखणीत. व्हिएतनामची ट्रिप लागली. बाईनं कंपनीच्या माणसाला सांगितलं, "फळ्या आबांनी ठोकल्यात. आबा येणार, न्हायतर मीबी न्हाय." तो म्हणाला, मिस्त्रींना आम्ही मिक्सर देतो. बाई म्हणाली, "मिक्सर तुमच्या बायकोला द्या."

असा मी विमानात बसलो. नवे बूट पायाला चावत होते. तिथं आम्हाला होडीत फिरवलं, गळ्यात माळा घातल्या, मग कारखाना दाखवायला नेलं. चकचकीत फळ्यांच्या थप्प्या. आमच्याकडं येतो तोच शिक्का. बाईनं पेरानं ठोकलं. आवाज खणखणीत. पण तिथं एक फळी कडेनं चिरलेली होती. बाईनं चिरेत नख घातलं आणि तिचा चेहरा बदलला.

"ही मधून कापून दाखवा."

"मॅडम, जेवण थांबलंय," कंपनीचा माणूस म्हणाला.

बाजूला एक लोखंडी पहार पडली होती. बाईनं ती उचलली आणि घातली. फळी रिकाम्या डब्यासारखी फाटली. आत पोकळ्या, भुगा, गोंदाच्या गुठळ्या. वरचे दोन पापुद्रे तेवढे चांगले, तोच खणखणीत आवाज. तिनं दुसरी फोडली. तिसरी फोडली. आमच्याबरोबर ट्रिपला आलेल्या बाया किंचाळत पळाल्या. कारखान्याचा पहारेकरी मागून आला आणि त्यानं बाईच्या दंडाला हिसडा दिला तशी ती जमिनीवर आपटली. मी बूट काढला आणि त्याच्या तोंडावर हाणला. मग मला चौघांनी धरलं. परमुलखात मार खाल्ला, पण एक जण नाक धरून बसला होता, हेही सांगून ठेवतो.

परतीच्या विमानात बाई पाणीही प्याली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, इंदापूरच्या तात्यांच्या घरात लॉफ्ट कशाचा?"

"ह्याचाच."

"वर काय ठेवलंय?"

"पितळी हंडे. त्यांच्या आजीच्या वेळचे."

"आणि खाली गॅस. सून दोन जिवाची हाय, आबा. दिवसभर तितंच उभी असती."

विमानतळावरून आम्ही घरी गेलोच नाही. बॅगा जीपमध्ये तशाच. भिगवणला सगळे मासे खायला उतरतात. बाई उतरलीही नाही. तिनं तात्यांना वाटेतून फोन केला, हंडे उतरवा म्हणाली. तात्या म्हणाले, या, समोर बोलू.

तात्या ऊसवाले, दांडगा माणूस, पण सरळ. त्यांचा धाकटा भाऊ मात्र तोंडानं नि हातानं सारखाच सैल. घरात शिरल्याबरोबर बाई म्हणाली, "सैपाकघर रिकामं करा. लॉफ्ट पाडायचाय."

तात्या हसायलाच लागले. "येडी झाली का बाई? वास्तुशांत झालीय. त्यात सूनबाईला दिवस गेलेत. बाळ येईस्तोवर ह्या घरात खिळाबी ठोकू द्यायचा न्हाय. हातोडा तर लांबच."

"लॉफ्ट थांबंल का बाळ येईस्तोवर?"

"तुमीच केलाय की!"

"म्हणून मीच पाडती."

मी म्हणालो, "तात्या, हंडे तरी खाली घ्या." तात्यांची बायको आडवी आली. "पुजून बसवल्यात. बाळंतीण न्हाल्याबिगर हलवायचे न्हायत." धाकटा भाऊ दारातून म्हणाला, "परदेश फिरून आली, आता दुसरं बिल लावायला निघाली."

बाई बाहेर गेली. डिकीतून घण घेऊन आली. सून ओट्याशी कणीक मळत होती. बाई तिला म्हणाली, "बाहेर हो गं." पोरगी घाबरून दारात सरकली. बाईनं घण उचलला आणि तेवढ्यात धाकट्यानं पडद्याचा पाइप उपसून तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याचा गळा धरला. त्यानं मला ओट्यावर आदळलं, माझा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. तात्या "आरं सोड, आरं सोड" करत आमच्या मधे शिरत होते.

ह्या गोंधळात बाईनं घण डाव्या हातात घेतला. मोडलेला हात पोटाशी धरून तिनं एकच घाव घातला.

एकच. अख्खा लॉफ्ट खाली आला. हंडे गॅसवर पडले, शेगडी चेपली, ओट्याचा दगड फुटला. एक कड बाईच्या खांद्यावर बसली आणि ती खाली गेली. धूळ एवढी की कोण कुठं आहे कळेना.

धूळ बसली तेव्हा सून पहिली आत आली. जिथं ती उभी राहायची तिथं हंडा रुतून बसला होता. तिनं फळीचा तुकडा उचलला, मुठीत दाबला. त्याचा भुसा झाला. तो भुसा तिनं त्या धाकट्या चुलतसासऱ्याच्या तोंडावर फेकला. "बघा काका, बिल बघा!" आणि बाईच्या शेजारी बसून तिनं आपल्या पदरानं तिचा खांदा बांधला. तात्या भिंतीला टेकून उभे होते. मग त्यांनीच बाईला उचलून जीपमध्ये ठेवलं.

बारामतीच्या दवाखान्यात नेताना बाईच्या कपाळावर घाम होता. खड्डा आला की दात खायची. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "आबा, तुमचा दात कुठाय?"

"तात्यांच्या ओट्यावर."

हसली, आणि दुखलं म्हणून ड्रायव्हरलाच शिवी दिली. मग माझा हात धरला. तो हात तोवर तिनं कधी धरला नव्हता.

"गेल्या महिन्यात कळसला आईला सैपाकघर करून दिलं. फळी तीच हाय. फोनवर ऐकायची न्हाय ती. मला काय झालंय ते आधी सांगू नका, घाबरंल. आधी ते पाडा."

बाईचं मनगट पुन्हा नीट वळलं नाही. जिथं जिथं ती फळी लावली होती तिथं जाऊन तिनं माणसं लावून पाडलं, काहींनी शिव्या दिल्या, काहींनी कुत्री सोडली. फर्म बंद पडली. करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी ती वारली. मी मातीला निघालो, पण रस्ते बंद होते, मला अडवून परत पाठवलं. मी नाक्यावर पोलिसाशी भांडलो, पण उपयोग झाला नाही. तिच्याकडच्या पोरी आता पुण्यात मोठ्या ऑफिसांत आहेत. कामावर आवाज चढवतात असं ऐकतो. बरं वाटतं.

त्या दिवशी मात्र तिला दवाखान्यात सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घण पोत्यात घालून पहिल्या एसटीनं मी कळसला गेलो. तोंड सुजलेलं होतं. तिची आई चुलत्यांच्या शेळ्या सोडून नुकतीच घरात आली होती. मला बघून उजळली.

"आबा! या, या. पोरगी कुठाय माझी? इमानातनं उतरली न्हवं? बसा, च्या ठेवती." आणि ती लॉफ्टखाली जाऊन टाचा उंच करून साखरेचा डबा काढायला लागली.

मी आत गेलो, तिच्या दंडाला धरलं आणि तिला ओढतच अंगणात आणलं. म्हातारी ओरडत होती, हात झटकत होती, "अवो काय करता, पोरगी कुठाय ते सांगा की!" मी तिला लिंबाखाली बाजेवर बसवलं, माझी टोपी तिच्या मांडीवर ठेवली, पोत्यातला घण काढला, आणि आत जाऊन दाराला आतून कडी घातली.