सव्वादोन इंची टायर

रूपालीने सायकल स्टँडला लावली आणि हेल्मेट काढता काढता म्हणाली, "दादा, काल मी चिंचवडला प्रसाद सरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, टायर बारीक लाव. पावणेदोन इंची."

मी एका गिऱ्हाइकाची चेन धूत होतो. हात थांबला नाही, पण कान तापले.

"मग मी काय म्हणालो होतो?"

"तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. नुसतं 'बघू' म्हणाला होता. म्हणून तर गेले."

खरं होतं. आठ दिवसांपूर्वी तिने विचारलं होतं आणि मी कामाच्या गडबडीत टाळलं होतं.

चिखलीत माझं सायकलचं वर्कशॉप आहे. त्याआधी सतरा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत टायर टेस्टिंगला होतो. प्रसाद तिथे माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून लागला. टायरवर भार टाकून त्याचा ठसा कागदावर कसा घ्यायचा, ठशावरून हवा जास्त की कमी हे कसं ओळखायचं, हे त्याला मी शिकवलं. पुढे कंपनीने आमचं डिपार्टमेंट दुसरीकडे हलवलं. आम्ही दोघांनीही नोकरी सोडून सायकलची लाइन धरली.

त्याचं दुकान काचेचं. आत एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर टांगलेल्या सायकली. माझं एक शटर, आणि शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर दिवसभर कानात. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण त्याला सगळे सर म्हणतात आणि मला दादा. सरळ सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. रविवारी काही काम नसताना चिंचवडला जाऊन त्याच्या दुकानासमोरून चक्कर मारायचो. आत किती लोक आहेत ते काचेतून मोजायचो. गर्दी असली की दिवस खराब जायचा.

रूपाली मात्र माझी गिऱ्हाईक होती. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ती सीएनसी मशीनवर ऑपरेटर. तिची जुनी एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरात चालवायची सायकल, मीच उभी केली होती. आता तिच्या कंपनीची सायकलिंग टीम होणार होती. बायकांमधून दोघी घेणार होते. ज्या निवडल्या जातील त्यांना प्रॅक्टिससाठी सहा महिने जनरल शिफ्ट, म्हणजे रोजची दिवसपाळी, मिळणार होती. रूपालीला टीमपेक्षा ती शिफ्ट हवी होती. तिची मुलगी पहिलीत. शिफ्ट फिरती असल्याने आई घरी आली की पोरगी झोपलेली, पोरगी उठली की आई बसमध्ये, असे आठवडेच्या आठवडे जायचे.

निवडीसाठी जी रेस ठेवली होती तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. शेतासारख्या मोकळ्या जागेत छोटा ट्रॅक आखतात. गवत, वाळू, चिखल, सगळं त्यात येतं. मध्ये लाकडी फळ्या अडथळा म्हणून लावतात. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घेऊन पळायचं आणि पुन्हा चढायचं. या रेसची खास सायकल असते, बारीक टायरची. पण इथे ज्याची जी असेल ती चालणार होती. म्हणून प्रश्न एवढाच होता: एमटीबीला टायर कुठला लावायचा?

"प्रसादने ट्रॅक पाहिलाय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग? चिखलात बारीक टायर घसरतो. सव्वादोन इंची लावू. मोठ्या बटणांचा."

"आत्ता आहे त्याच्यापेक्षाही जाड?"

"पकड नको का?"

तिने हेल्मेट हँडलला अडकवलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर लावा."

बटणं म्हणजे टायरवर उठलेले रबराचे चौकोन. मोठी आणि लांब लांब असली की मऊ मातीत रुततात, पण गवतावर आणि कडक जमिनीवर सायकल जड चालते. त्यात सव्वीस इंची चाकाच्या जुन्या फ्रेममध्ये मागच्या चाकाला जागाच किती? रुंद टायर लावला की दोन्ही बाजूंना जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट उरते. काळी चिकट माती त्या फटीत बसली की चाक अडकणार. बारीक टायर चिखल कापत खालच्या टणक मातीपर्यंत जातो, आणि आजूबाजूला जागा राहिल्याने माती झडून जाते. मधे बारीक, जवळजवळ बसवलेली बटणं आणि कडेला वळणासाठी मोठी, असा पावणेदोन इंची टायर. उत्तर हेच होतं. रूपाली दुकानात यायच्या आधीपासून ते मला माहीत होतं. प्रसादने जाड लाव म्हटलं असतं, तर मी डोळे मिटून बारीक लावला असता.

मी सव्वादोन इंची टायर चढवला. बसवताना हाताला कळत होतं की फ्रेमला घासायला आलाय. चाक फिरवून पाहिलं. फिरलं. मी स्वतःला म्हटलं, फिरतंय ना, झालं.

शनिवारी ट्रायल होती. ट्रॅक देहूच्या अलीकडे, एका पडीक शेतात. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि नाल्याकडचा कोपरा अगदी लोण्यासारखा झाला होता. गवतावर रूपाली बरी गेली. नाल्याच्या कोपऱ्यात शिरली आणि दहा-बारा पॅडल मारून थांबली. उतरली, ढकलायला लागली. तरी चाक फिरेना. शेवटी ती सायकल उचलून माझ्याकडे आली. मातीसकट सायकलचं वजन दीडपट झालं असेल.

"दादा, चाकच जाम झालं. बाकीच्या तर निघून गेल्या."

मी खाली बसलो. ब्रेक आणि टायरच्या मध्ये माती सिमेंटसारखी ठासली होती. काडीने काढायला लागलो. ती शेजारी उभी, पायांना चिखल, श्वास अजून वर.

"माझ्या पायात दम कमी पडतोय का?" तिने विचारलं.

तो प्रश्न मला सहन झाला नाही.

"पाय ठीक आहेत. टायर चुकीचा आहे."

"म्हणजे तुमचा अंदाज चुकला."

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"अंदाज नाही चुकला. बारीक लावायचा हे मला माहीत होतं. प्रसादने सांगितलं म्हणून मी लावला नाही."

तिने माझ्या हातातली काडी काढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमचं आणि त्यांचं काय असेल ते असेल. माझी शिफ्ट होती त्यात, दादा."

एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

रेस दुसऱ्या दिवशी होती. सव्वीस इंचीत तसला टायर आता सहज मिळत नाही, सगळा माल एकोणतीस इंचीत येतो. दोन ठिकाणी फोन केला. नव्हता. कुठे असेल ते मला ठाऊक होतं. दुपारी चाकं घेऊन मी चिंचवडला गेलो, आणि पहिल्यांदा त्या काचेच्या दारातून आत शिरलो.

प्रसाद उठून उभा राहिला. "या या! कॉफी घेणार?"

"पावणेदोन इंची जोडी हवी. सव्वीसमध्ये."

"रूपालीसाठी ना? ठेवलीय बाजूला." त्याने माझ्या हातातल्या चाकाकडे पाहिलं. टायरवर माती तशीच होती. त्याला सगळं कळलं असणार.  तो स्वतःच टायर चढवायला बसला आणि पाच मिनिटांत दोन्ही बसवले. त्याचा हात माझ्यापेक्षा सफाईदार झालाय हे मी उभ्या उभ्या पाहिलं. त्याचा समजूतदारपणा तर मला त्या एसीपेक्षा जास्त बोचला.

"हवा किती ठेवू?" त्याने विचारलं.

"ते मी ट्रॅकवर बघतो," मी म्हणालो. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटलं.

सकाळी लवकर जाऊन मी ते केलं. हवा कमी असली तर पकड चांगली मिळते, पण फार कमी झाली की दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते. रूपालीला एका फळीच्या तुकड्यावरून चार-पाच वेळा जायला सांगितलं. दर वेळी थोडी हवा सोडली. रिम फळीला टेकल्याचा आवाज आला, तिथे थांबलो आणि दोन पाउंड परत भरली. ती सांगितलेलं सगळं करत होती. माझ्याशी बोलत मात्र नव्हती.

त्यांच्या कंपनीच्या सहा जणी होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत रूपाली चौथी. नाल्याच्या कोपऱ्यात पुढच्या दोघी जाड टायरवर रुतून उतरल्या. ही बसूनच, हळू पण न थांबता, पलीकडे गेली. रेसची चाळीस मिनिटं संपली तेव्हा ती दुसरी होती. मुलगी दोरीपलीकडून "आई, आई" ओरडत होती. रूपालीने चिखलाच्या हातांनीच तिला उचललं.

कंपनीचे एचआरवाले साहेब फोटो काढायला आले. "टायर कुणी निवडला?" त्यांनी विचारलं.

"प्रसाद सरांनी," रूपाली म्हणाली. मी तीन हातांवर उभा होतो. रेस बघायला आलेला प्रसाद पुढे होऊन काहीतरी माझ्याबद्दल सांगायला लागला, तेवढ्यात साहेबांनी त्यालाच फोटोत ओढलं. मी पंप गुंडाळत बसलो. ती खोटं बोलली नव्हती.

रूपालीला जनरल शिफ्ट मिळाली. तिची सायकल आता सर्व्हिसिंगला चिंचवडला जाते. मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार?

प्रसादच्या दुकानात गर्दी दिसली की मला अजूनही त्रास होतो. तो त्रास कधी जाईल असं वाटत नाही. एक बदल मात्र केला. कोणी दुसरीकडचा सल्ला घेऊन आलं, तर आधी चाक, फ्रेम आणि ट्रॅक बघून माझं उत्तर कागदावर लिहितो. सल्ला कुणी दिला ते नंतर विचारतो.