हातमोज्याचं भोक

माझ्या प्रयोगशाळेतले मदतनीस भाऊ कोरडा वायू भरलेल्या बंद पेटीला बसवलेल्या हातमोज्यांत हात घालून हायड्राइडची, म्हणजे धातू-हायड्रोजनच्या संयुगाची, पांढरी पूड बारीक काचनळ्यांत भरत. जरा ओल लागली की तिच्या स्फटिकांची रचना बिघडे.

"साहेब, हातमोज्याला भोक आहे. ही पूड टाकून द्या."

"भाऊ, चष्मा बदला!"

"हसा. पूड थट्टा ऐकत नाही."

मी तीच पूड क्ष-किरणांखाली तपासली. क्ष-किरणांना हायड्रोजन जेमतेम दिसतो. त्याचे अणू मी अंदाजाने मांडले आणि शोधनिबंध छापला.

भाऊ वारले. पुढे ताज्या पुडीची न्यूट्रॉनने तपासणी झाली, त्यांना हायड्रोजन स्पष्ट दिसतो; तेव्हा रचनाच वेगळी दिसली आणि हायड्रोजनचे अणू मी छापल्यापेक्षा भलत्याच जागी निघाले. भाऊंचं खरं होतं; माझी पूड ओल लागून बिघडलेली होती. आतल्या वायूने फुगलेले ते हातमोजे तेव्हापासून रोज मला माझ्याकडे हात पसरल्यासारखे वाटत. त्यांत हात घालायची हिंमत होईना.

शेवटी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी छापायला पत्र धाडलं: चूक भाऊंनी वेळीच सांगितली होती, मी ऐकलं नाही.