चाचांचा जड हात

आमच्या शेजारच्या चाचांइतका जड हाताचा माणूस अख्ख्या महाडात झाला नाही आणि होणारही नाही. उभा जन्म ट्रक हाकण्यात गेला. त्या काळी कशेडी घाटात ट्रक वळवायचा म्हणजे स्टिअरिंगला अक्षरशः लोंबकळावं लागे, आणि तोच जोर चाचा घरीही घेऊन येत. नळ असा बंद करायचे की उघडायला प्लंबरच बोलवावा. बरणीचं झाकण त्यांनी लावलं की त्या लोणच्यावर पाणी सोडायचं. माझ्या लग्नात त्यांनी कौतुकानं पाठ थोपटली आणि मी पुढचे सगळे विधी वाकून केले. वर म्हणतात कसे, "अरे, हळूच तर मारलं!"

अशा माणसानं ट्रक विकून हौसेनं घेतली काय, तर एक जुनी, लांबलचक, फिकट निळी मोटार, आणि तिला पॉवर स्टिअरिंग. तेही इतकं हळवं की चाचा शिंकले तरी गाडी रस्ता सोडायची. पहिल्याच दिवशी चाचीला माहेरी, पोलादपूरला न्यायला निघाले ते थेट एका रसवंतीच्या मांडवात शिरले. चाची खाली उतरली, ओढणी झटकली. "मी यष्टीनं जाते. चहाचा कप ठेवून पोलादपूर गाठून दाखवा. थेंब नाय सांडला तरच मी या गाडीत बसेन!"

चाचांनी ते मनाला लावून घेतलं. लोक म्हणाले, हात जरा हलका करा. "हात काय आता बदलतो होय रे? गाडीच जड करू!" जगात सगळ्यांना स्टिअरिंग हलकं हवं असतं, हा गृहस्थ ते जड करायला बसला. स्टिअरिंगला जोर देणाऱ्या पंपाचा दाब कमी व्हावा म्हणून त्याच्या व्हॉल्व्हमागे एकेक पातळ वायसर सरकवायचा आणि शुक्रवारी नमाजनंतर चाचणी घ्यायची. डॅशबोर्डवर कप, आणि कपावर नजर ठेवायला शेजारी मी. माझ्या शर्टांचा जो सत्यानाश झाला म्हणता! चाची माहेरी निघाली की पुढे यष्टी आणि मागे हे, रिकामी गाडी घेऊन. पोलादपूरच्या स्टँडवर तिची पिशवी घ्यायला हजर. "सामान तरी बसू दे गो," म्हणायचे, पण तोंड एवढंसं झालेलं असायचं. मला फार वाईट वाटायचं.

आणि एका शुक्रवारी पोलादपूर आलं तरी कप तस्सा! तो गार चहा चाचांनी तसाच घरी आणून चाचीपुढे धरला. तिनं चपला घातल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. चाचांनी त्या दिवशी तिला पार कुडपणच्या माळापर्यंत फिरवून आणलं.

याला खूप वर्षं झाली. आता कशेडीला बोगदा झालाय, आणि चाचांचा उजवा खांदा आजारपणात गेला. हौसेनं जड केलेली गाडी त्यांना वळवेना. परवा मला हाक मारली, "वायसर काढ रे, मला वाकता येत नाय." मी एकेक काढत गेलो. चाचा चाक फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून एक." शेवटचा काढला तेव्हा स्टिअरिंग पहिल्या दिवसासारखं हळवं झालं, आणि चाचांच्या हाताला बरोबर बसलं.

हात धुवायला मोरीत गेलो तर नळ ठिबकत होता. चाचांनीच बंद केलेला. मी तो आवळायला गेलो, तशी चाची मागून हळूच म्हणाली, "जास्त आवळू नको रे. त्यांना उघडता आला पायजे."

बाहेर चाचांनी हॉर्न दिला. मी सवयीनं विचारलं, "चाची, कप ठेवायचा ना?"

"सांडला तर सांडू दे," असं म्हणत चाची गाडीत जाऊन बसलीसुद्धा.